टेबलटॉप आरपीजी: खेळाडूंचं स्वातंत्र्य आणि आधी ठरवलेली गोष्ट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकांचा खेळ: प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो आणि गेम मास्टर, म्हणजे जीएम, बाकीचं जग चालवतो. हे पान मुख्यतः जीएमसाठी आहे. खेळाडूंसाठीचे प्रश्न शेवटाकडे आहेत. उत्तरं कुठल्याही एका सिस्टिमला, म्हणजे नियमसंचाला, बांधलेली नाहीत. आमची भूमिका आधीच सांगतो: जीएमने पेचप्रसंग उभा करावा, त्याचा निकाल ठरवू नये. पुढचं सगळं याच भूमिकेतून लिहिलं आहे.

रेलरोडिंग नेमकं कशाला म्हणायचं?

खेळाडूने विचार करून एक पाऊल उचललं, खेळातल्या जगाच्या हिशेबाने ते जमायला हवं होतं, आणि तरी जीएमने ते फोल ठरवलं, कारण जमलं असतं तर ठरवून ठेवलेला पुढचा प्रसंग घडला नसता. हे रेलरोडिंग.

नुसतं 'नाही' म्हणणं म्हणजे रेलरोडिंग नव्हे. तटबंदी उंच आहे, दोर नाही, चढायला खाचा नाहीत, तर चढता येणार नाही. यात तक्रारीला जागा नाही. पण दोर आहे, आकडा आहे, पहाऱ्याच्या पाळ्या दोन रात्री टेहळून ठेवल्या आहेत, आणि ऐनवेळी जीएम म्हणतो की आज नेमका दुप्पट पहारा आहे, कारण पात्रं दरबारातूनच आत यावीत असं त्याच्या वहीत लिहिलं आहे. इथे खेळाडूंच्या दोन रात्रींची मेहनत पुसली गेली.

टेबलावर हे ओळखायच्या काही खुणा आहेत. खलनायक प्रत्येक लढाईतून निसटतो. फासा चांगला पडो वा वाईट, जीएमचं वर्णन तेच राहतं. खेळाडू काही सुचवतात आणि उत्तरादाखल एखादा एनपीसी, म्हणजे जीएम चालवतो ते पात्र, 'योग्य' उपाय बोलून दाखवतो. सर्वात बोलकी खूण म्हणजे खेळाडू 'आम्ही असं करतो' म्हणायचं सोडून 'आता आम्ही काय करायचं आहे?' असं विचारू लागतात.

सरळ रेषेतलं साहस आणि रेलरोडिंग एकच ना?

नाही. चार तासांच्या वन-शॉटमध्ये, म्हणजे एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळात, 'तुम्हाला ही पेटी पैलतीरी पोचवायची आहे' हे सुरुवातीलाच सांगितलं आणि सगळ्यांनी मान्य केलं, तर रस्ता एकच असला तरी काही बिघडत नाही. काय करायचं ते ठरलेलं आहे, कसं करायचं ते मोकळं आहे. पेटी घेऊन पोहून जा, नावाड्याला पैसे चारा, पुलावरच्या नाकेदाराला गंडवा. यातला कोणताही मार्ग चालला पाहिजे, आणि पेटी बुडाली तर बुडाली पाहिजे.

मोकळ्या मैदानासारखं दिसणारं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकी चालणारा खेळ, मात्र रेलरोड असू शकतं. नकाशावर चाळीस गावं आहेत, पण कुठल्याही गावात गेलं तरी तोच म्हातारा तीच भविष्यवाणी घेऊन भेटतो, तर त्या चाळीस गावांना अर्थ नाही.

हा वाद कधीपासून चालत आला आहे?

खेळाच्या जन्मापासून. 1960 च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड वेस्ली यांनी अमेरिकेत मिनिआपोलिस-सेंट पॉल भागात एक युद्धखेळ मांडला आणि सैन्यांसोबत गावातल्या माणसांच्या भूमिकाही खेळाडूंना वाटून दिल्या. खेळाडू लढाई सोडून आपापली कारस्थानं करत सुटले. वेस्लींना वाटलं की खेळ फसला, पण खेळाडूंनी आणखी मागितला. त्याच मंडळींतले डेव्ह आर्नेसन पुढे गॅरी गायगॅक्स यांच्याबरोबर 1974 मधल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे सहनिर्माते झाले.

दुसरं टोक त्याच खेळाच्या, 1984 मध्ये सुरू झालेल्या 'ड्रॅगनलान्स' मॉड्यूल्समध्ये, म्हणजे छापील तयार साहसांमध्ये, दिसतं. तयार पात्रं, मोठी महाकथा, आणि महत्त्वाच्या एनपीसींचा मृत्यू असा संदिग्ध ठेवायचा की पुढच्या भागात ते परत आणता यावेत, अशी जीएमला सूचना. पुष्कळ लोकांना हे मनापासून आवडलं, हेही खरंच आहे. 2010 मध्ये व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या आरपीजीने उलट बाजूने नियमच घातला की जीएमने गोष्ट आधी रचायची नाही, काय होतं ते खेळूनच शोधायचं. आजची बहुतेक टेबलं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहेत.

खेळाडूची निवड खरी आहे हे कसं तपासायचं?

तीन गोष्टी पाहा. निवडण्यापुरती माहिती त्यांच्याकडे होती का? पर्यायांचे परिणाम खरंच वेगळे होते का? आणि झालेला परिणाम पुढे टिकला का?

पहिली गोष्ट सर्वात जास्त वेळा राहून जाते. 'रस्ता दोन बाजूंना फुटतो, डावीकडे की उजवीकडे?' ही निवड नव्हे, छापा-काटा आहे. हीच जागा अशी मांडून पाहा: डावीकडची वाट खाडीकाठाने जाते, अर्धा दिवस लागतो, पण भरतीच्या वेळी तीन तास पाण्याखाली असते आणि चिखलात ताज्या पावलांचे ठसे आहेत. उजवीकडची डोंगरावरून जाते, दोन दिवस लागतात, वाटेत पाणी नाही. आता टेबलावर चर्चा सुरू होईल. कोणी ठसे तपासेल, कोणी भरतीची वेळ काढेल, कोणी म्हणेल की आपल्याकडे दोन दिवस नाहीतच.

दोन्ही वाटांवर तोच राक्षस ठेवला तर कोणाला कळणार?

जीएम मंडळींत यावर फार काळ वाद चालू आहे. आमचं उत्तर माहितीवर अवलंबून आहे. खेळाडूंना दोन्ही वाटांबद्दल काहीच ठाऊक नसेल, तर तयार केलेला राक्षस कुठेही ठेवा, कारण त्यांनी अजून काही निवडलेलंच नाही. पण त्यांनी टेहळणी केली, गावात चौकशी केली, राक्षस खाडीकडे आहे हे शोधलं आणि म्हणून डोंगर निवडला, त्यानंतर तो डोंगरावर हलवणं ही फसवणूक आहे.

नेहमी राक्षस हलवायची सवय लागली की त्याचा तोटा पहिल्या सेशनला, म्हणजे बैठकीला, दिसत नाही, दहाव्याला दिसतो. टेहळणीचा कधीच उपयोग होत नाही हे खेळाडूंच्या अंगवळणी पडतं आणि ते प्रश्न विचारणं बंद करतात. मग 'आमचे खेळाडू सावधपणे खेळतच नाहीत' अशी जीएमची तक्रार सुरू होते.

प्लॉट लिहायचा नाही, तर तयारी कशाची करायची?

पेचप्रसंगाची. एका सेशनला एका कागदाच्या दोन बाजू पुरतात. तीन-चार तासांच्या खेळासाठी तास-दीड तासाची तयारी ठीक. त्याहून जास्त वेळ जात असेल तर बहुधा तुम्ही पुन्हा प्रसंगामागून प्रसंग लिहायला लागला आहात.

उदाहरण म्हणून मिठाच्या व्यापारावर जगणारं एक बंदर घेऊ. आधी बिघडलेली एक गोष्ट ठरवा: बंदराची अधिकृत मोहोर चोरीला गेली आहे आणि तिचा ठसा असल्याशिवाय एकही जहाज मीठ घेऊन निघू शकत नाही.

मग तीन ते पाच पक्ष लिहा. प्रत्येकाबद्दल तीनच वाक्यं: त्याला काय हवं आहे, त्याच्या हातात काय आहे, तो कशाला घाबरतो. बंदराच्या अधिकारी बाईंना राजधानीत कळायच्या आत मोहोर परत हवी आहे. त्यांच्या हाताखाली बारा शिपाई आहेत. चोरी आतल्या माणसाची निघेल ही त्यांना धास्ती. मिठाच्या व्यापाऱ्याला मिठागरं स्वस्तात बळकवायची आहेत. त्याच्याकडे पैसा आहे, आणि जुने हिशेब उघडे पडतील ही त्याची भीती. मिठागरातल्या मजुरांना थकलेली मजुरी हवी आहे, गोदामांच्या किल्ल्या त्यांच्याकडे आहेत आणि भाडोत्री शिपायांचं त्यांना भय आहे. मोहोर चोरणारा कारकून व्यापाऱ्याचा कर्जदार आहे. ती त्याने अजून कोणाला दिलेली नाही, कारण दिली की आपलं काम संपलं हे त्याला समजतं.

त्यानंतर पात्रं बंदरात आलीच नाहीत तर काय होईल ते तारखांनी लिहा. तिसऱ्या दिवशी व्यापारी भाडोत्री शिपाई आणतो. पाचव्या दिवशी मजूर काम बंद करतात. सातव्या दिवशी गोदामाला आग लागते. आठव्या दिवशी कारकून मोहोर समुद्रात टाकून पळतो. हे तुमचं भाकीत आहे, वेळापत्रक नव्हे. पात्रांनी दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याची तिजोरी फोडली तर शिपायांना द्यायला त्याच्याकडे पैसे नाहीत, म्हणजे तिसरा दिवस खोडायचा आणि पुढचं नव्याने विचारात घ्यायचं.

शेवटी पाच-सहा जागा, प्रत्येकीत सापडण्यासारखी किंवा वापरण्यासारखी एक वस्तू, आणि कोणालाही चिकटवता येतील अशी आठ-दहा नावं. नावांची यादी क्षुल्लक वाटते, पण हिच्याशिवाय खेळ अडतो. खेळाडू हमखास तुम्ही न ठरवलेल्या कोळ्याशी बोलायला जातात, आणि नाव सुचायला तुम्हाला दहा सेकंद लागले की हा माणूस महत्त्वाचा नाही हे त्यांना कळून चुकतं.

पहिला प्रसंग मात्र पूर्ण तयार ठेवा. तिथे अजून कोणी काही निवडलेलं नसतं, त्यामुळे तो तुमचाच आहे.

घड्याळं काढायची पद्धत कशी वापरायची?

कागदावर वर्तुळ काढून त्याचे 4, 6 किंवा 8 भाग करायचे, नाव द्यायचं आणि गोष्ट पुढे सरकली की एक भाग भरायचा. 2017 च्या 'ब्लेड्स इन द डार्क' या आरपीजीमुळे ही पद्धत फार पसरली, पण ती कुठल्याही सिस्टिममध्ये चालते. आपल्या बंदरात 'भाडोत्री शिपाई येतात' हे 6 भागांचं घड्याळ ठेवा. रोज रात्री दोन भाग भरतील, पात्रांचा एखादा डाव उघडपणे फसला तर आणखी एक.

घड्याळ टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवा. दिसणारा धोका ही माहिती आहे, आणि माहितीवर निवड होते.

यात तीन गोष्टी बिघडतात. एका वेळी तीनपेक्षा जास्त घड्याळं ठेवली की कोणती कधी भरायची ते विसरायला होतं. भरायचं कारण आधी न लिहिता मनाला येईल तेव्हा भरलं, तर प्लॉटच दुसऱ्या वेषात परत येतो. आणि घड्याळ पूर्ण भरेपर्यंत जगात काहीच बदललं नाही तर खेळाडूंना त्याची धग लागत नाही. म्हणून अर्ध्यावर काय दिसेल तेही लिहून ठेवा: 3 भाग भरले की धक्क्यावर अनोळखी हत्यारबंद माणसं खोल्यांची चौकशी करताना दिसतात.

रहस्यकथेत स्वातंत्र्य कसं द्यायचं? एक धागा सुटला की सगळं अडतं.

एकच धागा ठेवल्यामुळे अडतं. आरपीजीवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन क्लूंचा नियम इथे कामाला येतो: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्याच्याकडे नेणारे किमान तीन क्लू ठेवा.

हिशेब करून पाहा. एक क्लू सापडण्याची शक्यता 60 टक्के धरली आणि उलगड्यापर्यंत चार निष्कर्षांची साखळी असली, तर प्रत्येकी एका क्लूवर शेवट गाठण्याची शक्यता फक्त 13 टक्क्यांच्या आसपास उरते. प्रत्येक कडीला तसेच तीन क्लू दिले तर ती 77 टक्क्यांच्या जवळ जाते. प्रत्येक कडीतला एक क्लू फासा न टाकता देऊन टाकला तर साखळी तुटतच नाही. रॉबिन लॉज यांच्या 'गमशू' सिस्टिमचा पायाच हा आहे: योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी शोधायला लागलं की मुख्य क्लू मिळतोच. त्याचं काय करायचं हा खरा खेळ.

तीन क्लू तीन जातींचे ठेवा. 'मोहोर कारकुनाकडे आहे' या निष्कर्षासाठी: व्यापाऱ्याच्या वहीत कारकुनाचं कर्ज चोरीच्या दुसऱ्याच दिवशी 'मुदत वाढवली' म्हणून नोंदलेलं आहे, मोहोर ठेवलेल्या पेटीचं कुलूप फोडलेलं नाही, किल्लीने उघडलेलं आहे, आणि मजुरांच्या वस्तीतली एक मुलगी सांगते की कारकूनमामा हल्ली झोपताना दाराला पलंग लावतात. तिन्ही क्लू एकाच माणसाच्या तोंडी दिले आणि पात्रांनी त्याच्याशी भांडण काढलं, तर तीन क्लूंचा काही उपयोग झाला नाही.

आणखी एक. प्रत्येक क्लूने कुठेतरी जायला सुचवलं पाहिजे. 'कोणीतरी आतलाच आहे' हे वातावरण झालं. 'किल्ल्या दोनच, एक बाईंकडे, एक कारकुनाकडे' हा क्लू.

खेळाडूंनी खलनायकाला पहिल्याच सेशनमध्ये मारलं. आता?

तो मेला. त्याच्या जागी कोण येईल, त्याचे पैसे कोणाला मिळतील, त्याचे शत्रू आता काय करतील, एवढं ठरवा. व्यापारी मेला तर त्याचं देणं असलेले सगळे मोकळे झाले आणि वारसांत झुंबड उडाली. यातून निघणारा खेळ मूळ बेतापेक्षा बहुधा चांगला निघतो, कारण तो खेळाडूंनी घडवलेला असतो.

मरू नये असा एनपीसी पात्रांच्या हत्याराच्या टप्प्यात आणू नका. त्याचं पत्र येऊ द्या, त्याचा माणूस येऊ द्या, त्याने केलेलं नुकसान दिसू द्या.

गोष्ट वाचवण्यासाठी पडद्याआड फासे बदलले तर चालतील का?

आमच्या मते नाही. फासा टाकण्याआधीच विचारा: हा वाईट पडला तर मला चालेल का? चालणार नसेल तर टाकूच नका, थेट सांगा काय झालं ते. टाकून मग बदलणं म्हणजे खेळाडूंना निकालाची आशा दाखवून तो काढून घेणं. अडचणीचा आकडा चुकीचा ठरवला हे मध्येच लक्षात आलं तर तसं उघड सांगून बदला. त्याने कोणाचाही विश्वास जात नाही.

लढाया फार जीवघेण्या होतात म्हणून फासे बदलावेसे वाटत असतील, तर दोष बहुतेक वेळा फाशांचा नसतो. शत्रू शेवटच्या माणसापर्यंत लढतात तिथे असतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 1981 च्या बेसिक संचातला मनोधैर्याचा नियम पाहा: प्रत्येक शत्रूला एक आकडा, पहिला माणूस पडला किंवा अर्धे पडले की दोन सहापैलू फासे टाकायचे, बेरीज त्या आकड्याहून जास्त आली तर शत्रू मागे हटतात किंवा शरण येतात. आकडा 7 असेल तर 36 पैकी 15 वेळा, म्हणजे सुमारे 42 टक्के वेळा ते कच खातील. लढाई लवकर संपते, कैदी मिळतात, आणि कैद्यांशी बोलण्यातून नव्या वाटा फुटतात.

मी मुद्दाम काहीच अडवत नाही, तरी खेळाडूंचे डाव फसतातच. का?

फासे किती वेळा टाकायला लावता ते मोजा. चार पात्रं चोरपावलांनी गोदामात शिरताहेत, प्रत्येकाची शक्यता 70 टक्के. चौघांनाही वेगवेगळा फासा टाकायला लावला आणि एकाच्या अपयशाने सगळे पकडले जाणार असतील, तर यश मिळण्याची शक्यता जेमतेम 24 टक्के राहते. त्यात कुंपणापाशी एकदा, दारापाशी एकदा आणि आत एकदा असे तीन फेरे केले, तर ती दीड टक्क्याच्याही खाली जाते. लपतछपत जाणं जमतच नाही असं पाहून खेळाडू पुढच्या वेळी थेट तलवारी काढतात. जीएमने मुद्दाम काही केलं नाही, पण वाट एकच उरली.

उपाय असा: पूर्ण डावासाठी एकच फासा, सर्वात कच्च्या पात्राचा किंवा वाट दाखवणाऱ्याचा. अपयश आलं तरी डाव मोडू नका, अडचण वाढवा. पहारेकऱ्याने आवाज ऐकला आहे आणि कंदील घेऊन निघाला आहे, आता काय करता?

पूर्ण मोकळीक दिली, तर खेळाडू नुसते बसून राहतात.

मोकळीक दिली आणि कारण दिलं नाही, तर असंच होतं. 'जग तुमच्यापुढे आहे, काय करता?' या प्रश्नाला उत्तर देणं कोणालाही जड जातं.

एका वेळी तीन हुक, म्हणजे खेळाडूंना खेळात ओढणाऱ्या संधी, टाका, बारा नाही. तिन्हीत काम, मोबदला आणि धोका स्पष्ट असू द्या, आणि किमान एकाला मुदत असू द्या. एखादा हुक पात्राच्या स्वतःच्या गरजेतून आलेला हवा. त्यासाठी पात्र तयार करतानाच प्रत्येकाकडून दोन गोष्टी लिहून घ्या: तुझ्या पात्राला या महिन्याभरात काय मिळवायचं आहे, आणि या भागात तो कोणाचं देणं लागतो.

सर्वात उपयोगी सवय आम्ही शेवटी सांगतोय, पण तीच आधी लावा: प्रत्येक सेशनच्या शेवटच्या दहा मिनिटांत 'पुढच्या वेळी तुम्ही काय करणार?' असं विचारून उत्तर लिहून घ्या. खेळाडूंना ठरवायला वेळ मिळतो आणि तुम्हाला फक्त तेवढीच तयारी करावी लागते. बेन रॉबिन्स यांच्या 'वेस्ट मार्चेस' कॅम्पेनमध्ये हीच गोष्ट टोकाला नेली होती. ठरलेला गट नाही, ठरलेला दिवस नाही. कोण जाणार, कधी आणि कुठे, हे खेळाडूंनीच ठरवून जीएमला कळवायचं.

सँडबॉक्ससाठी, म्हणजे खेळाडू हवं तिकडे जाऊ शकतात अशा खेळासाठी, सुरुवातीला किती जग तयार ठेवावं?

एक वस्ती, तिच्यापासून दिवसाभराच्या वाटेवर तीन जागा, आणि त्यापलीकडच्या दोन-तीन जागांच्या अफवा. नकाशावर सहा मैलांचे हेक्स, म्हणजे षटकोनी घरं, वापरत असाल तर वस्तीच्या भोवती दोन रिंगणं, म्हणजे मधला धरून 19 हेक्स, पहिल्या महिन्याला पुरतात. बाकीचं जग खेळाडू तिकडे वळल्यावर.

छापील मॉड्यूल चालवायचं आहे, पण ते फार बांधलेलं आहे.

एकदा पूर्ण वाचा आणि पेन्सिल घेऊन तीन प्रकारची वाक्यं शोधा. पहिला प्रकार: पात्रांना काय वाटतं किंवा ती काय करतात हे सांगणारी. 'तुम्ही घाबरून मागे सरता' वगैरे. ती थेट खोडा. दुसरा: 'काहीही केलं तरी' अशा अर्थाची. तिथे समासात लिहा की पात्रांनी हे रोखलं तर पुढे काय बदलेल. एक ओळ पुरते. तिसरा: जिथून गेल्याशिवाय पुढे जाताच येत नाही असे टप्पे. तिथे आणखी दोन वाटा जोडा.

त्यानंतर मोठ्या एनपीसींना 'हवं काय, हातात काय, भीती कशाची' ही तीन वाक्यं द्या. ही असली की मॉड्यूलबाहेरच्या प्रसंगातही तो माणूस कसा वागेल हे शोधायला पानं उलटावी लागत नाहीत.

माझ्या कथेसाठी पात्रं कैद होणं गरजेचं आहे.

मग खेळ कोठडीतून सुरू करा. 'तुम्ही पकडले गेला आहात, ही पहिली रात्र. कोण कशामुळे सापडलं ते तुम्ही सांगा.' सगळे हौसेने सांगतील. तोच प्रसंग चालू खेळात लादायला गेलात, तर खेळाडू मरेपर्यंत लढतील आणि शस्त्रं गेल्याचा राग तीन सेशन टिकेल.

'माझं पात्र असंच वागेल' म्हणत एक खेळाडू सगळ्यांचा विचका करतो. हेही स्वातंत्र्यच ना?

पात्र त्यानेच बनवलं आहे, त्यामुळे ते कसं वागतं त्याची जबाबदारीही त्याचीच. सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, चार गोष्टी बोलून घ्या: पात्रं एकमेकांसोबत का आहेत, एकमेकांची चोरी किंवा मारामारी चालेल का, कोणते विषय खेळात नकोतच, आणि कोणते आले तरी तपशिलात दाखवायचे नाहीत. चालू खेळात थांबवायची सोय म्हणून जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड ठेवता येतं. कोणीही कार्डाला हात लावला की तो भाग वगळायचा, कारण विचारायचं नाही.

गट दोन ठिकाणी फुटला तर परत एकत्र ओढून आणू का?

नको. दहा-दहा मिनिटांनी टेबलाची बाजू बदला, आणि बदल एखाद्या निर्णयाच्या तोंडाशी करा. थांबलेल्या खेळाडूंना एनपीसी खेळायला द्या. भाडोत्री शिपायाचं काम त्यांना फार आवडतं.

मी खेळाडू आहे. माझ्याकडून काय करू शकतो?

कृती सांगताना हेतूही सांगा. 'मी कारकुनाशी बोलतो' याऐवजी 'तो घाबरला आहे का ते पाहायचं आहे, म्हणून मी कर्जाचा विषय काढतो.' हेतू न कळल्यामुळे जीएम भलतंच उत्तर देतो, आणि तुम्हाला वाटतं की त्याने मुद्दाम अडवलं. एका वेळी एकच ठोस प्रश्न विचारा: दाराला कडी आतून आहे की बाहेरून?

तरी डाव सारखे फोल ठरत असतील तर खेळ संपल्यावर बोला, चालू खेळात नको. एक नेमका प्रसंग घ्या: 'त्या रात्री आम्ही पाळ्या टेहळल्या होत्या, त्याचा उपयोग का झाला नाही?' 'तू रेलरोड करतोस' असं म्हटलं की समोरचा बचाव करायला लागतो आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो.

अर्ध्या कॅम्पेनमध्ये लक्षात आलं की मी सगळं आधीच ठरवून चालवतोय. सुधारता येईल का?

येईल, आणि कॅम्पेन मोडावं लागत नाही. ठरवलेला शेवट खोडा, पण आतापर्यंत जे टेबलावर घडलं ते पक्कं धरा. मोठ्या पक्षांची प्रत्येकी तीन वाक्यं लिहा. मग खेळाडूंना सांगा की इथून पुढे शेवट ठरलेला नाही. हे सांगणं टाळू नका, नाहीतर ते जुन्या सवयीने तुमच्या इशाऱ्याची वाट पाहत बसतील.

त्यानंतरच्या पहिल्याच सेशनमध्ये त्यांच्या एका निर्णयाने काहीतरी मोठं आणि दिसेल असं बदलू द्या. एखादा मित्र झालेला शत्रू, जळलेला पूल, परत मिळालेलं जहाज.

आणि ऐन सेशनमध्ये मला काहीच सुचलं नाही तर?

पाच मिनिटांची सुट्टी जाहीर करा. खेळाडूंनी पूर्ण अनपेक्षित चाल केली की सुट्टी लागतेच, त्यात कमीपणा नाही. त्या पाच मिनिटांत दोनच प्रश्नांची उत्तरं काढा: ही बातमी सर्वात आधी कोणाला कळेल, आणि त्याला जे हवं आहे ते पाहता तो आता काय करेल? उत्तर निघालं की त्या माणसाला पात्रांच्या दारात उभं करा.